टँडेमची इलेक्ट्रिक रिकम्बंट : उद्यमनगरातला एक उद्योग

पंचगंगा_काठ (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचनमात्र होतो, आता हात काळे झालेत म्हणून धागा काढतोय.

एका हिल स्टेशनवर भाड्याने सायकली देणाऱ्याने धंदा गुंडाळला, त्याच्याकडनं एक टँडेम, म्हणजे दोघांनी मिळून मारायची सायकल, भंगाराच्या भावात मिळाली. देशी बनावट, साधा हायटेन (पोलादी) पाइप, लगमधे (सांध्यावरच्या बाह्यांमधे) पितळेने झाळलेली, क्रँक (पॅडलचे दांडे) कॉटरचे, म्हणजे पिनेने बसवलेले, चाकं २६ इंची. पुढचा रिम आठचा आकडा झालाय पण फ्रेम दोरी लावून बघितली, सरळ आहे. हिची मला इलेक्ट्रिक रिकम्बंट करायचीय. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, रिकम्बंट म्हणजे आरामखुर्चीत टेकल्यासारखं बसायचं, पाय समोर, पॅडल समोर.

कारण हौस आहेच, पण नुसती हौस नाही. मानेचं दुखणं जुनं आहे, हँडलवर वाकून भार दिला की उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले सायकल सोडा. सायकल काय सुटत नाही, मग बसायची पद्धत बदलूया म्हटलं.

आता टँडेमच का, तर घरी रिकम्बंट बनवणाऱ्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी चेन असते. पॅडल पार पुढे, चाक पार मागे, मग दोन-अडीच चेनी जोडून एक लांबलचक चेन करा, ती सीटखालनं न्यायला आयडलर पुल्या लावा, त्या कुरकुरणार, चेन उड्या मारणार. टँडेममधे हे लफडं बनवणाऱ्यानेच मिटवलेलं असतं. पुढच्याचा बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल फिरतो ती जागा), मागच्याचा बीबी, दोन्हीच्या मधे डाव्या अंगाला एक चेन आणि मागच्या बीबीवरनं उजव्या अंगाला चाकाची चेन. म्हणजे पुढच्या माणसाला उठवायचं, मागच्याला आहे तिथेच जरा खाली टेकून बसवायचं आणि त्याचे पाय पुढच्या पॅडलवर ठेवायचे. मागच्या बीबीचे क्रँक कापले की तो नुसता मधला शाफ्ट उरतो. पुली नको, लांब चेन नको.

मापं काढलीत. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलो, पाय सरळ, भिंतीपासून तळव्यापर्यंत १०४ सेंमी. त्यातनं क्रँकची लांबी १७ गेली आणि गुडघा थोडा वाकता राहायला दोन सोडले, म्हणजे पाठीच्या बुडापासून पॅडलच्या एक्सलपर्यंत ८५. सीट ५८ उंचीवर, बीबी २८ वर, ३० चा फरक. शाळेतला पायथागोरस लावला तर आडवं अंतर ७९-८० येतं. दोन बीबींमधे ६८ आहे, म्हणजे बूड मागच्या बीबीच्या ११-१२ सेंमी मागे आलं, आणि गंमत म्हणजे मागचा सीटपाइप तिरका असल्यामुळे त्या उंचीवर तो बरोबर तिथेच पोचतो! म्हणजे सीटपाइप वरनं कापायचा आणि त्याच्याच डोक्यावर सीट. हे जुळल्यावर मी दिवसभर एकटाच हसत होतो.

आता जिथे अडलोय ते. हँडल माझ्यापासनं मैलभर लांब राहतं, तर पुढच्या सीटपाइपमधे बुश घालून त्यात फिरती दांडी आणि तिथनं चिमट्याला (पुढचं चाक धरतो तो) टाय रॉड, म्हणजे जोडदांडी, असा विचार आहे. मोटर मागच्या चाकात हबची लावावी म्हणतोय, ३६ व्होल्ट २५० वॅट. आणि दोन सीटपाइपांना जोडणारा वरचा आडवा पाइप कापावाच लागणार, तो नेमका मांड्यांमधे येतो. जाणकारांनी बोला.

मीटरगेज

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

रंकाळा_चौपाटी

भावा लई भारी. नाद खुळा. फोटो टाक की.

दोनचाकी_बरी

धागा चांगला आहे पण एक प्रामाणिक शंका, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार ई-सायकल का घेत नाही? हँडल उंच करून घ्यायचं. आणि टँडेम कापणं म्हणजे मला तरी पापच वाटतं, वहिनींना मागे बसवून पन्हाळ्याला जायचं सोडून...

ठिपक्यांची_रांगोळी

@दोनचाकी_बरी, वहिनींना मागेच का बसवायचं? टँडेमवर पुढे बसणारा हँडल धरतो आणि मागचा नुसता घाम गाळतो, आमच्याकडे एकदा प्रयोग झालाय. मी पुढे बसले होते.

कॉटरपिन (पुणे)

मोटरबिटर नंतर बघू, आधी फ्रेमचं बोलतो कारण जीव त्याच्यावर आहे.

आत्ता तुझी फ्रेम म्हणजे छपराखाली असते तशी एक लांब कैची आहे. वरचे पाइप दाबाखाली, खालचे ताणाखाली. मधला आडवा पाइप काढलास की दोन बीबींमधला खालचा एकटा पाइप उरतो आणि तो वाकायला लागतो. एका दिवसात तुटणार नाही. खड्ड्या-खड्ड्याला थोडा थोडा थकत जाईल आणि एक दिवस लगच्या कडेला केसाएवढी चीर दिसेल, तीही तू बघितलीस तर. म्हणून जुना पाइप कापायच्या *आधी* नवा बसव. पुढच्या सीटपाइपच्या मध्यावरनं मागच्या बीबीच्या जरा वर असा तिरका उतरता पाइप घे. तुझ्या गुडघ्यांच्या खालनं जाईल, मांडीला लागणार नाही, आणि त्रिकोण परत तयार होईल. ३२ मिमीचा, दीड-दोन मिमी जाडीचा ईआरडब्ल्यू (लांबीत वेल्ड केलेला) पाइप पुरे. त्याहून जाड नको, बाकीची फ्रेम पातळ आहे, सगळा ताण मग सांध्यावर येतो.

दुसरं, वेल्डिंग. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे आर्क मारायला नेलंस तर भोक पडणार हे नक्की. टिग (बारीक वेल्डिंग) वाल्याकडे नेलंस तरी एक गोष्ट सांगून ठेव, जुने सांधे पितळेने झाळलेत. पितळ जिथे वितळून वेल्डमधे गेलं तिथे वेल्ड ठिसूळ होतो, बाहेरनं छान दिसतो आणि आतनं तडकतो. म्हणून नवा सांधा लगपासनं चार बोटं लांब घे आणि शक्यतो गॅसने पितळीच कर, फिशमाउथ (दुसऱ्या पाइपावर बसेल अशी टोकाची खाच) नीट घासून, फट न ठेवता. कोल्हापुरात गॅसवाले जुने कारागीर आहेत अजून, पुण्यात शोधावे लागतात.

आणि फ्रेम झाळताना दोन्ही चाकं लावून, अँगलवर बांधून झाळ. नाहीतर गरम झाल्यावर पीळ पडतो.

पंचगंगा_काठ

@कॉटरपिन, हे असं कोणीतरी सांगायला पाहिजेच होतं. उद्यमनगरात शाळेतल्या मित्राचं वर्कशॉप आहे, त्याचे वडील अजून गॅसवर बसतात, ते म्हणाले "पितळेवर पितळ चढतंय, त्यात काय एवढं". अँगलचा साचा करतोय.

@दोनचाकी_बरी, तयार ई-सायकलवर बसून बघितलं. मान तशीच दुखते.

घाटवाट (सातारा)

हब मोटर घेऊ नकोस. घेतली असलीस तर परत कर.

हिशोब बघ. तू धरून, सायकल धरून, बॅटरी-बिटरी सगळं मिळून ११५ किलो धरू. कोल्हापूर ते पन्हाळा चढाई साधारण ४०० मीटर. ११५ गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे साडेचार लाख ज्यूल, म्हणजे १२५ वॅट-अवर. हे नुसतं वर उचलण्याचं. ८ टक्के चढावर ताशी ८ किमीने जायचं तर २०० वॅट लागतात, वारा आणि टायर वेगळे. आकडा काही भीतीदायक नाही, २५० च्या मोटरला झेपतो, पण *कुठल्या फेऱ्यात* ते महत्त्वाचं. हब मोटर चाकाबरोबर फिरते, ताशी २५ साठी बांधलेली मोटर ८ वर फिरवलीस की ती भसाभसा करंट ओढणार आणि त्यातली बरीचशी वीज वेटोळं तापवण्यात जाणार. सपाटीला हब उत्तम, घाटात नाही. आणि तुझ्या कोल्हापुरातनं कुठेही जायचं म्हटलं तरी घाट आहेच.

तुझ्याकडे तर सोन्यासारखा मधला शाफ्ट आहे! मोटर त्याच्यावर लाव. मग मोटरची ताकद पण मागच्या गिअरमधनं जाते. बाजारात ती एमवाय १०१६ झेड गिअर मोटर मिळते, २४ व्होल्ट २५० वॅट, ब्रशवाली, ९ दात्यांचं स्प्रॉकेट असलेली, साध्या सायकल चेनवर चालते. फेरे मिनिटाला ३२० च्या आसपास. शाफ्टवर ३६ दाती लावलंस तर शाफ्ट ८० ने फिरतो, म्हणजे माणसाच्या पायाचा वेग. तिथनं ३६ चंच दुसरं चेनव्हील मागच्या फ्रीव्हीलला (एकाच दिशेला पकडणाऱ्या दातेरी चाकाला), १४ ते ३४ वालं सात गिअरचं. १६ दात्यावर ताशी २२ येतात, ३४ वर साडेदहा. मोटर दोन्हीकडे तेवढ्याच फेऱ्यात, खुशीत.

आवाज करते, हे खरं. गिरणीचा पट्टा लांबनं ऐकू यावा तसा. ज्याला शांतता पाहिजे त्याने सपाटीवर राहावं.

जुना_बाजार (पुणे)

@घाटवाट, मोटरने शाफ्ट फिरला की डावीकडची चेन फिरणार, ती फिरली की पॅडल फिरणार. म्हणजे थ्रॉटल दिला की पाय आपोआप गरागरा. चेष्टा नाही, पाय घसरून पॅडलखाली गेला तर घोटा जाईल, आणि रिकम्बंटवर पाय खाली पडला तर तो मागे ओढला जातो. मग?

घाटवाट (सातारा)

@जुना_बाजार, बरोबर पकडलंस, त्यावरच येत होतो. डावीकडे शाफ्टवर फ्रीव्हील पाहिजे. पण साधं फ्रीव्हील उजव्या अंगासाठी असतं. ते उचलून डावीकडे लावलंस तर पुढे मारताना मोकळं फिरेल आणि मागे मारताना पकडेल, म्हणजे उपयोग शून्य. उपाय असा की लेथवर आट्याचा बोस (गोल ठोकळा) करून घ्यायचा, १.३७५ इंच, इंचाला २४ आटे, आणि फ्रीव्हील त्याच्यावर *तोंड आत करून* बसवायचं, म्हणजे जी बाजू एरवी बाहेर दिसते ती फ्रेमकडे. मग पकड बरोबर दिशेला येते आणि पॅडल मारताना आटे घट्टच होत जातात. २२ दात्यांचं फ्रीव्हील घे आणि पुढे पॅडलवर २४ चं चेनव्हील, जवळजवळ एकास एक.

हाच उद्योग मोटरच्या चेनसाठी पण कर. शाफ्टवरचं ३६ फ्रीव्हीलवर बसव. नाहीतर बॅटरी संपली की मोटर, तिचा गिअरबॉक्स सगळं पायाने ओढत घरी.

ठिपक्यांची_रांगोळी

तोंड आत करून बसवायचं हे वाचून मी स्वयंपाकघरात हवेत हात फिरवून बघितलं. बरोबर आहे. शेजारच्या काकू बघत होत्या.

मिलीअँपिअर (नाशिक)

बॅटरीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून. मे महिन्यात गच्चीवर उभी राहणार असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घे, नेहमीच्या लिथियम आयनपेक्षा जड पण उन्हाला आणि मारहाणीला जास्त दाद देत नाही. २४ व्होल्टच्या मोटरला ३२७०० साइझचे ६ एएचचे सेल, ८ ओळीत (सीरीज) आणि अशा ३ जोड्या (पॅरलल). २४ सेल, २५.६ व्होल्ट १८ एएच, म्हणजे ४६० वॅट-अवर. वजन सेलचंच साडेतीन किलोच्या आसपास, डबा-वायर वेगळी. सपाटीला पाय मारत गेलास तर किलोमीटरला १०-१२ वॅट-अवर धर, चाळीस किमीच्या आसपास.

फक्त एक लक्षात ठेव. दुकानात "३६ व्होल्टची बॅटरी" म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात, फॉस्फेटचे १२ सेल आणि लिथियम आयनचे १०. पहिलीचा चार्जर ४३.८, दुसरीचा ४२. पहिलीचा चार्जर दुसरीला लावला तर सेलमागे ४.३८ व्होल्ट जातात, ४.२ च्या वर जायचंच नसतं, आणि मग बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) वेळेवर तोडलं तर ठीक, नाही तोडलं तर बातमी. पिना सारख्याच असतात! तुझ्या आठ सेलला २९.२ चा फॉस्फेटचाच चार्जर, आणि त्याच्यावर ऑइलपेंटने लिहून ठेव. फ्यूज बॅटरीच्या डब्यातच, पॉझिटिव्हच्या तोंडाशी, ३० अँपिअरचा. वायर चेनपासनं लांब.

आणि ३२७०० ला स्वतः घरी टाका मारू नका कृपया. स्पॉट वेल्डिंगवाला गाठा.

कलम_आणि_पोटकलम

पोलिसाने अडवलं तर काय, हा प्रश्न येणारच म्हणून आधीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम २ (यू). मोटरची तीस मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, वेग २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, धड ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पॅडल असिस्ट (पाय मारले की मोटर जोड देते) असेल तर वेग २५ ला पोचताना किंवा पाय थांबले की मोटर बंद. यात बसलं की ते मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. पण त्याच नियमात चाचणी संस्थेची मान्यता पण लिहिलीय, आणि घरी केलेल्या एकुलत्या एका सायकलला ती कोण आणणार. तेव्हा कागदावर तू पूर्ण सुरक्षित नाहीस हे समजून चाल. मोटर २५० च्या खाली ठेव, थ्रॉटलची मस्ती गर्दीत करू नकोस, रिफ्लेक्टर मात्र खरंच लाव.

आयंडहोवनकर (नेदरलँड्स)

इथे रिकम्बंट दिसली तर कोणी वळूनही बघत नाही, आणि मोटरचा नियम तोच, २५० वॅट आणि २५ किमी, त्यामुळे धागा घरचाच वाटला. मी गेली काही वर्षं लांब व्हीलबेसची चालवतो, तर चालवण्यातल्या चार गोष्टी.

तुमची सीट मागच्या चाकाला चिकटून आहे, म्हणजे सत्तर टक्के वजन मागे. पुढचं चाक हलकं. त्यामुळे पुढचा ब्रेक दाबला तर सायकल उलटणार नाही पण ओल्या रस्त्यावर चाक सटकन घसरेल. मुख्य ब्रेक मागचा समजा आणि तो चांगला लावा, रॉड ब्रेकवर भागवू नका. मागचं टायर रुंद, स्पोक ३६.

खड्ड्यात साध्या सायकलवर आपण नकळत बूड उचलतो. इथे उचलता येत नाही, सगळा दणका पाठीत. म्हणून फोम लावलेली प्लायची सीट नको, ताणलेली जाळी पाहिजे.

चढावर उभं राहून मारता येत नाही, म्हणून खालचा गिअर लागतो, तो घाटवाटांनी दिलाच आहे. आणि चढावर थांबून परत निघणं हे खरं अवघड काम, तिथे मोटर देवासारखी येते. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानावर सराव करा. हँडल घट्ट धरलं की सायकल नागमोडी जाते, बोटांनी नुसतं धरायचं.

वेगाची फार आशा ठेवू नका. एवढ्या उभ्या सीटला वारा जवळपास साध्या सायकलइतकाच लागतो.

नवारपट्टी (सांगली)

सीटसाठी माझं ऐका. फोल्डिंग आरामखुर्चीचा लोखंडी सांगाडा भंगारात मिळतो, तो कापून ४५-५० अंशात वाकवा आणि त्यावर नवार विणा, खाटेची असते तीच, सुती नको नायलॉनची घ्या, पावसात ढिली पडत नाही. आडवी वीण घट्ट, उभी जरा सैल. कमरेच्या खोलगट जागी दोन पट्ट्या जास्त ओढून घ्या म्हणजे तिथे आधार येतो. मागे नाडी बांधून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी आवळता येते. माझ्या सासऱ्यांच्या व्हीलचेअरला अशीच केलीय, पाठीला घाम धरत नाही.

दोनचाकी_बरी

एवढं चांगलं असेल तर शर्यतीत का नाही दिसत रिकम्बंट? दुकानात का नाही?

पिवळी_जर्सी

@दोनचाकी_बरी, कारण बंदी घातली! फ्रान्समधे शार्ल मोशे नावाचा माणूस अशा सायकली बनवायचा. १९३३ मधे त्याच्या सायकलवर फ्रान्सिस फोर नावाच्या, पहिल्या फळीत कधी न गणलेल्या रेसरने तासात ४५.०५५ किमी मारले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासनं कोणाला न तुटलेला विक्रम मोडला. मग झाली ना बोंबाबोंब. १९३४ मधे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की रिकम्बंट बाहेर. शर्यत नाही म्हणून रेसर नाहीत, रेसर नाहीत म्हणून कंपन्या नाहीत, कंपन्या नाहीत म्हणून तुमच्या दुकानात नाही. तिकडे अमेरिकेत बॅटल माउंटनला २०१६ मधे टॉड राइकर्टने नुसत्या पायांनी ताशी १४४.१७ किमी गाठले, पूर्ण कवच असलेल्या रिकम्बंटवर. विक्रमाच्या पुस्तकात तिचा रकाना वेगळा.

पंचगंगा_काठ

मधे धागा थंड पडला कारण पाऊस आणि लेथवाल्याची सवड. आता अपडेट.

फ्रेम झाली. @कॉटरपिन ने सांगितला तसा तिरका पाइप आधी झाळला, मग आडवा कापला. मित्राच्या वडिलांनी सांधा असा भरलाय की मला रंग मारावासा वाटेना, नुसतं लॅकर मारलंय. कापताना शेवटच्या धाग्याला फ्रेम दाणकन उघडते की काय म्हणून मी ग्राइंडर अर्ध्यावर थांबवला होता, पण काही झालं नाही, फट मिलिमीटरभर पण हलली नाही. म्हणजे नव्या पाइपने फ्रेम नीट धरलीय.

स्टिअरिंगला पुढच्या सीटपाइपमधे वर-खाली दोन गनमेटल बुश, त्यात २२ मिमीची दांडी, वर हँडल. दांडीच्या अंगाला एक कान आणि चिमट्याच्या स्टेमला तेवढ्याच लांबीचा दुसरा कान, मधे रॉड, दोन टोकांना एम ८ चे रॉड एन्ड (गोळीचे फिरते सांधे), एक सुलट आट्याचा एक उलट. दोन्ही कान सारख्याच लांबीचे आहेत म्हणून हँडल जेवढं वळतं तेवढंच चाक वळतं. रॉड नुसता हाताने फिरवला की हँडल सरळ करता येतं, खोलायला लागत नाही.

मोटर मधल्या शाफ्टच्या मागे, सीटखाली. @घाटवाट, उलटं फ्रीव्हील चाललं! लेथवाला आधी म्हणाला असं कोण लावत नाही, मग म्हणाला बघू तरी, आणि चालल्यावर आता गिऱ्हाइकांना दाखवतो. थ्रॉटल दिला की पॅडल एका जागी शांत, पॅडल मारलं की दोघं मिळून. असिस्टचा सेन्सर (पाय फिरतायत का ते बघणारा) पुढच्या एक्सलवर लावलाय, मधल्या शाफ्टवर लावला असता तर मोटर स्वतःलाच बघून चालत राहिली असती. कंट्रोलर २५ लाच तोडतो, ब्रेकच्या दोन्ही लिव्हरला कट-ऑफ आहे.

जोतिबाचा चढ मोटर आणि पाय मिळून बसल्या बसल्या चढली, खालच्या दोन गिअरमधे. मोटरच्या अंगाला हात लावता येत होता. मानेला काही नाही, बोटं जाग्यावर. पोटऱ्या मात्र बोंबलतायत, हे स्नायू वेगळेच आहेत कुठले तरी.

एक तक्रार. उजवीकडे पूर्ण वळण घेताना टाय रॉड उजव्या गुडघ्याला लागतो. गल्लीत यू टर्न मारताना गुडघा बाहेर काढून मारावं लागतं, लोक बघतात.

रंकाळा_चौपाटी

लोक बघणारच की भावा. काल रंकाळ्याला दिसलास, पोरं मागनं पळत होती.

मिलीअँपिअर (नाशिक)

सेन्सर पुढे लावलास ते बेस्ट. बॅटरीचा डबा कुठे? फोटोत दिसत नाही.

पंचगंगा_काठ

@मिलीअँपिअर, मागच्या बीबीच्या पुढे, खालच्या पाइपवर, तिरक्या पाइपच्या खाली. सीटमागे लावणार होतो पण आधीच मागे एवढं वजन आहे, म्हणून पुढे आणला. स्पीडब्रेकरला खाली लागत नाही, चेनव्हीलचाच दात सगळ्यात खाली आहे आणि तो जमिनीपासनं २० सेंमीवर, डबा त्याच्या वर.

कॉटरपिन (पुणे)

गुडघ्याचं सोपं आहे. फोटोत रॉड उजव्या अंगाला आहे. दोन्ही कान डावीकडे फिरव आणि दांडीचा कान वर हँडलजवळ आहे तो खाली घे, वरच्या बुशच्या लगेच वर, म्हणजे रॉड गुडघ्याच्या घेराच्या बाहेर जातो. डावीकडे टायमिंगची (दोन बीबींमधली) चेन आहे पण ती बरीच खाली, भिडणार नाही. खाली घेतल्यावर चिमट्याकडचा कान पण तेवढाच खाली येईल असं बघ, रॉड फार तिरका झाला तर खड्ड्यात हँडल थरथरतं. रॉड एन्डला नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट लाव, साधे नट सुटतात. आणि गाडी पाचशे किमी चालली की त्या पितळी सांध्यांवर रॉकेलचं फडकं फिरव, कोरडं पुसून घे आणि वर खडूची पूड चोळ, चीर असेल तर रेघ ओली दिसते. बुशला ग्रीस निपल ठेवलाय ना?

पंचगंगा_काठ

नाही ठेवला. उद्या परत लेथवाल्याकडे.